आंगठ्या सुळक्यावरचा डांग प्रश्न

लालबागच्या तात्यांना हळू बोलता येत नसे. त्यांचं मसाला कांडायचं दुकान होतं. दिवसभर मशीनच्या धडधडाटावरून गिऱ्हाइकांशी बोलून त्यांचा आवाज जो चढला होता, तो रात्री जेवतानासुद्धा उतरत नसे. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेत लाउडस्पीकर बंद पडला की लोक म्हणत, "जाऊ दे, तात्यांना उभं करा." अशा माणसाला गुपित सांगायचं नसतं. पण रामजी गमरेनं सांगितलं.

त्याचं असं झालं. रामजी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत राहायचा आणि टेलिफोन खात्यात तारा जोडायचं काम करायचा. आईनं दिलेली मिरची कांडून आणायला तो दुकानात गेला होता. नाताळच्या सुट्टीत काय बेत, असं तात्यांनी सहज विचारलं.

"डोंगर चढायला जातोय," रामजी म्हणाला. "डांगच्या हद्दीवर एक सुळका आहे."

तात्यांनी मशीन बंद केलं. भरदिवसा ते मशीन बंद झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. मिरचीसाठी थांबलेल्या बायका दचकल्या.

"डांग?" तात्या म्हणाले. "आपला डांग?"

ते १९५८ साल होतं. महाराष्ट्र आणि गुजरात अजून एकाच दावणीला बांधलेले होते. मुंबई कोणाची, हे भांडण तर रोजचंच. पण डांगचं जंगल कोणाचं यावरूनही सभा गाजत. तिथली माणसं मराठी बोलतात असं लालबागेत म्हणत, गुजराती बोलतात असं सुरतेत म्हणत. डांगी माणसं आपली डांगी बोलत, आणि त्यांना कुणी विचारत नसे.

"मग त्या सुळक्यावर आपला फलक लागलाच पाहिजे," तात्यांनी जाहीर केलं. "कुणाला बोलू नकोस. मीही बोलणार नाही." हे वाक्य भारतमाता टॉकीजपर्यंत ऐकू गेलं.

रामजीला आपली चूक त्याच संध्याकाळी कळली, कारण बहिणीनं ती त्याला नीट समजावून सांगितली. शैला काळाचौकीच्या म्युनिसिपल शाळेत चौथीला शिकवायची. चौथीच्या पोरांना आवरून आवरून तिच्या आवाजाला एक धार आली होती, आणि ती घरीही चालायची.

"तात्यांना? साऱ्या मुंबईत तुला तात्याच मिळाले?"

"अगं, ते विचारत होते..."

"आईला कळलं ना, दोघांच्या तंगड्या मोडून ठेवील."

आईला, म्हणजे राधाबाईंना, एवढंच माहीत होतं की शैलाचं नाशिकला शिक्षकांचं शिबिर आहे आणि रामजी तिला सोबत म्हणून चाललाय. पोरं दोर घेऊन कड्यांना लोंबकळतात हे त्या माऊलीच्या गावीही नव्हतं. मुंब्र्याच्या डोंगरावरून खरचटून आलेले ढोपर शैला गेली दोन वर्षं 'शाळेच्या जिन्यात पडले' म्हणून खपवत होती. एकदा राधाबाई म्हणाल्यासुद्धा, "काय गो ती शाळा! पोरं सुखरूप आनी बाई रोज पडते."

तिसरा गडी गिरगावचा. शशिकांत नवलकर एका विमा कचेरीत होता. त्याच्या घराण्याची ठाकूरद्वारला एके काळी दोन घरं होती, आता एका घराचा वरचा मजला उरला होता, पण इस्त्री तीच होती. तो डोंगरावरही इस्त्रीचा सदरा घालून यायचा. एव्हरेस्ट सर झाल्याच्या बातम्या वाचून त्याला गिर्यारोहणाचं वेड लागलं होतं. रामजीची आणि त्याची ओळख टेलिफोनमुळे झाली. कचेरीतला फोन दुरुस्त करायला आलेल्या रामजीनं टेबलावरचं डोंगराचं चित्र पाहिलं, विचारपूस केली, आणि फोन त्या दिवशी तसाच राहिला.

रामजी आणि शैला पहिल्यांदा नवलकरांकडे गेले तेव्हा शशिकांतच्या आईनं, सरोजिनीबाईंनी, आडनाव विचारलं होतं. मग गाव विचारलं होतं. मग क्षणभर कुणीच काही बोललं नाही. दोघांना ती शांतता ओळखीची होती. शैला उठायच्या बेतात होती, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "साखर किती घालू?" आणि आपल्या घरच्या त्याच निळ्या कपांतून चहा आणला. त्या क्षणभराबद्दल पुढे कुणी बोललं नाही. पण शैलानं तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि वर आणखी मागितला.

निघायच्या आदल्या दिवशी तात्यांनी फलक पाठवला. पलंगाच्या चादरीएवढं मांजरपाट, त्यावर काळाचौकीच्या पेंटरनं हातभर लाल अक्षरांत रंगवलेलं: 'डांगसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. रंग वाळावा म्हणून तात्यांनी तो मिरचीच्या पोत्यांवर पसरला होता. सोबत दोन पुरुष उंचीचा बांबूही होता.

"एव्हरेस्टवर एवढा मोठा नव्हता नेला," शशिकांत हळूच म्हणाला.

"एव्हरेस्ट वादग्रस्त नव्हता," फलक घेऊन आलेला तात्यांचा माणूस म्हणाला.

सटाण्याच्या पुढे एस.टी. थांबवून पोलिसांनी झडती घेतली. हवालदारासमोर दोर, हातोडा, लोखंडी मेखा आणि बांबू असा ढीग लागला. त्यानं एकेक वस्तू उचलून पाहिली.

"दरोडा घालायला चाललात की पूल उडवायला?"

"डोंगर चढायला," शशिकांत म्हणाला.

"का?"

याला शशिकांतजवळ एक लांबलचक इंग्रजी उत्तर होतं. रामजी मध्येच म्हणाला, "सुट्टी आहे म्हणून." हवालदाराला ते पटलं. बांबू मात्र त्यानं ठेवून घेतला, कारण काठ्या-लाठ्यांवर बंदी होती. मग तो घडी घातलेल्या मांजरपाटाकडे वळला. त्यानं एक कोपरा उचलला. 'पाहिजे' दिसलं.

"हे काय?"

"चादर," शैला म्हणाली.

हवालदारानं कोपरा आणखी वर उचलला. 'झालाच' दिसलं. इकडेतिकडे बघून त्यानं तो खाली सोडला, आणि हळू आवाजात म्हणाला, "थंडी फार आहे तिकडं. नीट पांघरून झोपा."

थंडी खरंच फार होती. सुळक्याच्या पायथ्याच्या पाड्यावर एका ओसरीत तिघं मुक्कामाला राहिले, आणि हवालदाराचा शब्द पाळावा लागला. संयुक्त महाराष्ट्र अंगावर ओढून ते पडले. पाच मिनिटांत रामजीला पहिली शिंक आली. मग शशिकांतला. मग तिघांना मिळून. मांजरपाटात लालबागची मिरची अशी मुरली होती की रात्रभर पाड्यावरची कुत्री शिंका ऐकून भुंकत होती.

पाड्यावरचे लोक त्या सुळक्याला 'आंगठ्या' म्हणत. दुरून तो मुठीतून वर काढलेल्या अंगठ्यासारखाच दिसायचा. सकाळी तिघं त्याच्या बुडाशी पोहोचले आणि माना वर करून बघत राहिले. काळा, सरळ, माथ्यापाशी थोडा पुढे झुकलेला.

"आपल्याला अंगठा दाखवतोय बघ," रामजी म्हणाला.

तेवढ्यात वरून आवाज आला. "बचाओ! अरे कोई है? बचाओ!"

अर्ध्याहून वर, जिथे कड्याला एक रुंद पायरी होती, तिथे एक माणूस हात हलवत होता. आणि त्याच्यापासून बरंच बाजूला, वीतभर रुंदीच्या कपारीवर, दुसरा एक माणूस कड्याला पालीसारखा चिकटला होता. तो हलत नव्हता.

तिघंही पुढचं काही न बोलता चढायला लागले. खालचा टप्पा सोपा होता, खोबणी चांगल्या होत्या. पायरीवर पोहोचल्यावर हात हलवणाऱ्या माणसानं शशिकांतला मिठीच मारली. तो ठाकोरभाई, सुरतेचा. कपारीवरचा त्याचा मित्र मनहर देसाई, शाळेत भूगोल शिकवणारा. पहाटे दोघं निघाले होते. मनहर पुढे गेला, वाट चुकून कपारीवर सरकला, आणि खाली बघून बसला. त्यांचा दोर वर कुठेतरी दगडात अडकला होता. तो ओढताही येत नव्हता आणि सोडताही.

"वर कशासाठी चढत होता?" रामजीनं विचारलं.

ठाकोरभाई ओशाळला. त्यानं पिशवीतून एक कापड काढून दाखवलं. त्यावर निळ्या अक्षरांत गुजरातीत काहीतरी होतं. वाचता येत नसलं तरी 'डांग' एवढं कळलं.

रामजीला हसू आवरेना. पण कपारीवरून मनहरचा हुंदका ऐकू आला आणि तो गप्प झाला.

काम वाटून घेतलं गेलं. रामजी पायरीच्या वर चढून गेला आणि एका पक्क्या भेगेत त्यानं मेख ठोकली. दोर तिच्यातून ओवून एक टोक खाली सोडलं; शशिकांत आणि ठाकोरभाईंनी दुसरं टोक धरलं. पण मनहरपर्यंत जाणार कोण? कपार अरुंद आणि ठिसूळ. शैला सगळ्यांत हलकी. तिनं पदर खोचला, साडीचा काचा घट्ट केला.

"दोर तसाच बांधलास तर बरगड्या सोलून निघतील त्याच्या," वरून रामजी ओरडला. "खाली काहीतरी घाल!"

मऊ, लांब, मजबूत असं एकच कापड जवळ होतं. शैलानं दोराचं टोक घेतलं, फलक खांद्यावर टाकला आणि कपारीवर पाऊल ठेवलं.

चौथीचा वर्ग तिनं इतकी वर्षं सांभाळला होता, पण पायाखाली एवढी पोकळी घेऊन नव्हे. पहिल्या चार पावलांत तिला कळलं की मनहर का थिजला. ती खाली न बघता सरकत राहिली. त्याच्यापाशी पोहोचून तिनं फलकाची जाड घडी त्याच्या बगलांखालून घेतली, त्यावर दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. त्याचा जुना दोर सोडला. मनहरनं एवढ्या वेळात डोळे उघडले नव्हते. मात्र तो शिंकला.

"चला देसाईसाहेब. एक पाऊल इकडे."

"नहीं होगा."

"दोर पक्का आहे. चलो, एक कदम."

"नहीं होगा, बहेन. मुझे इधरही रहने दो."

तिनं समजावलं, दटावलं, बाबापुता केलं. उपयोग शून्य. उन्हं चढत होती. त्याचे पाय आता थरथरू लागले होते, आणि थरथरणारे पाय फार वेळ टिकत नाहीत हे तिला ठाऊक होतं. चौथीत एक मुलगा होता, दगडू नावाचा. रुसून बसला की गोड बोलून उठत नसे. पण 'तुला येत नाही' म्हटलं की तणतणत फळ्यापाशी यायचा.

शैला एक पाऊल मागे सरकली आणि मोठ्यानं म्हणाली, "एक मात्र बरं झालं. डांग महाराष्ट्राचा आहे हे सुरतेनं मान्य केलं."

मनहरचा एक डोळा उघडला. "क्या?"

"तुम्ही वर जाऊ शकला नाहीत. म्हणजे डांग आमचा."

"डांग गुजरातनो छे!" मनहर कड्याकडे तोंड करून म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"भूगोलमां साफ छे! नदियां देखो! सब नदियां किधर जाती हैं? गुजरात में!"

"ऐकू येत नाही. इकडे येऊन सांगा."

मनहरनं एक पाऊल टाकलं. आपण ते टाकलं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. "अंबिका, पूर्णा, खापरी... सब पश्चिम में बहती हैं!"

"नद्या वाहतात म्हणून मुलूख मिळतो? मग गोदावरी आंध्रात जाते. नाशिक देऊन टाकू?"

"वो अलग बात है!" दुसरं पाऊल.

"काय अलग? आणि भाषा? पाड्यावरची म्हातारी मला 'बस पोरी' म्हणाली. हे काय गुजराती आहे?"

"एक शब्द से क्या होता है?" तिसरं. "मुझे बोली, 'पाणी पी'. ये गुजराती नहीं है?"

"ते मराठीपण आहे!"

"वोही तो मैं बोलता हूं!" मनहर ओरडला, आणि आपण नेमकं काय बोललो याचा विचार करत त्यानं चौथं पाऊल टाकलं.

पायरीवर शशिकांत दोर ताणून उभा होता. त्याला हे सगळं ऐकू येत होतं, आणि प्रत्येक पावलागणिक तो ढिला दोर ओढून घेत होता. "आता मुंबई काढ!" वरून रामजी ओरडला. "शैले, मुंबई काढ!"

"मुंबई आमची!" शैला म्हणाली.

"मुंबई बनाया किसने? पैसा किसका?"

"आणि घाम कुणाचा? माझा बाप गिरणीत साच्यावर उभा राहून मेला, देसाईसाहेब!"

हे तिनं ठरवून म्हटलं नव्हतं. मनहर थबकला. पहिल्यांदाच त्यानं मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. तिला वाटलं, गेलं, सगळं मुसळ केरात. पण मनहर शांतपणे म्हणाला, "मेरे पिताजी भी मिल में थे. परेल में. मैं उधरही पैदा हुआ." आणि तो सरकत राहिला.

पायरीपाशी एक उतरता दगड होता. त्यावरून मनहर बसून घसरला, ठाकोरभाईनं त्याला धरलं, आणि त्याच वेळी त्याची पॅन्ट मागून या टोकापासून त्या टोकापर्यंत टर्रकन फाटली. सगळे सुटकेनं इतके हसले की ठाकोरभाईला रडू आलं. मनहर हसला नाही. तो शैलाचे पाय धरायला वाकला, तिनं झटकन पाय मागे घेतले आणि म्हणाली, "आधी ते झाका."

झाकायला पुन्हा तेच कापड. मनहरनं फलक लुंगीसारखा गुंडाळला. 'झालाच पाहिजे' बरोबर पाठीमागे आलं.

त्याला उतरवेपर्यंत दिवस कलला. दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. सुट्टी संपली होती. आंगठ्याकडे शशिकांतनं एकदा मान वर करून पाहिलं आणि पाठपिशवी उचलली. ठाकोरभाईनं बाजरी-मेथीची ढेबरं काढली, शैलानं राधाबाईंनी शिबिरासाठी बांधून दिलेली सुक्या जवळ्याची चटणी काढली. मनहर शाकाहारी होता. त्यानं ढेबऱ्याबरोबर लोणचं खाल्लं आणि नाकाला रुमाल लावला. संध्याकाळी लाकडाच्या लॉरीतून सुरतकर निघाले. मनहर पाठमोरा लॉरीत चढला तेव्हा पाड्यावरची पोरं ती लाल अक्षरं बघत उभी होती.

लालबागेत तात्यांनी मांडव घातला होता. बाजा होता, हार होते, आणि 'डांगवीरांचे स्वागत' असा नवा फलक होता. तिघं गर्दीतून वाट काढत व्यासपीठाशी पोहोचले.

"लावला?" तात्यांनी कानात विचारलं. सगळ्या मांडवाला ऐकू आलं.

"नाही, तात्या," शशिकांत म्हणाला. "शिखर झालंच नाही."

"मग फलक?"

रामजीनं घसा खाकरला. "सुरतेला गेला."

तात्यांचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू उजळू लागला. त्यांनी माईक बाजूला सारला.

"बंधू आणि भगिनींनो! आपला फलक, थेट, सुरतेला!"

सुरत म्हटल्यावर लालबागेत आणखी काही सांगावं लागत नाही. टाळ्या, शिट्ट्या, बाजा एकदमच सुरू झाले. कुणीतरी रामजीला खांद्यावर घेतलं. शैलानं थोडा वेळ पाहिलं, आणि मग चौथीचा वर्ग गप्प करणारा तिचा आवाज उठला.

"थांबा! आम्ही सुरत लुटली नाही. सुरतेचा एक मास्तर कड्यावर अडकला होता. त्याला मी खाली आणला. त्याची पॅन्ट फाटली, म्हणून तो फलक नेसून गेला. एवढंच झालं."

असा हशा उठला की मांडवाची कनात हलली. तात्यासुद्धा पोट धरून हसत होते. हसली नाही ती एकच बाई. ती बायकांच्या रांगेतून उठून व्यासपीठाकडे येत होती. पोरांचा सत्कार आहे असं शेजारणीनं सांगितल्यामुळे राधाबाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या.

"कड्यावर?" त्या म्हणाल्या. "शिबिर कड्यावर होता काय गो?"

बाजावाल्यांनी वाजवणं थांबवलं. शैलाचा सत्कार हारानं व्हायचा होता. तो कान धरून झाला.

राधाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुढच्याच रविवारी त्या ठाकूरद्वारला गेल्या, तुमच्या मुलानं माझ्या पोरांना नादी लावलं, असं सुनवायला. तिथे त्यांना कळलं की सरोजिनीबाईंचीही समजूत होती, शशिकांत लोणावळ्याला हवा खायला जातो. दोघी बराच वेळ बसल्या. आतून आधी चढे आवाज आले, मग कपबशांचे, मग हसण्याचे. बाहेर पडताना राधाबाईंनी निकाल दिला: जायचं तर सांगून जायचं, आणि तो सुंभाचा दोर पहिला फेकून द्यायचा. सरोजिनीबाईंचा कुणी भाऊ गोदीत होता. त्यानं जहाजाचा चांगला दोर आणून दिला.

पुढे साठ साली महाराष्ट्र झाला. मुंबई मिळाली, डांग गुजरातेत गेला. तात्यांनी पेढे वाटले आणि डांगच्या नावानं संध्याकाळपर्यंत बोटं मोडली. त्याच वर्षीच्या थंडीत तिघं पुन्हा आंगठ्याला गेले. ठरल्याप्रमाणे पायथ्याशी मनहर आणि ठाकोरभाई आधीच येऊन बसले होते. या वेळी कुणाजवळ कापड नव्हतं. मनहर दोरावर दोघांच्या मध्ये बांधून घेऊन चढला, सबंध वाट डोळे किलकिले करून, नद्यांची नावं पुटपुटत.

माथा कॅरमबोर्डाएवढा होता. एका वेळी दोघांनाच बसता येई, म्हणून पाळ्या लावल्या. शैलाची पाळी मनहरबरोबर आली. चहूकडे डोंगर होते, आणि त्यांच्यात हद्द कुठून जाते ते कुठेच दिसत नव्हतं. मनहरनं बोट करून ती दाखवायचा प्रयत्न केला, पण खाली बघावं लागत असल्यामुळे सोडून दिला.

"कसं वाटतंय?" खालून शशिकांतनं विचारलं.

शैला विचार करत राहिली. इतक्या वर्षांत या क्षणी काय म्हणायचं ते तिनं कितीदा तरी ठरवून ठेवलं होतं. वारा कानात शिरत होता, गुडघे दुखत होते, आणि तिला फार बरं वाटत होतं.

"भूक लागली," ती म्हणाली.